फुल स्कॅन आणि कॅरम

जुन्या कॉम्प्युटरचा डबा उघडला की आत धुळीची गादी निघते. आमच्या धंद्यात किस्सेही तसेच साठतात; रोज थोडे थोडे, कळतही नाही. मी धंतोलीतल्या एका दुकानात कामाला आहे. घरोघरी जाऊन अँटीव्हायरस टाकून देतो. बोलायला मी लाजतो, त्यामुळे लोकच बोलतात!

एका काकूंच्या कॉम्प्युटरचा सीडीचा ट्रे उघडला, तर आत तांदूळ. कुंकू लावलेले! मी नुसता बघत राहिलो.

"असा काय पाहून राहिला गा? दसऱ्याले पूजा केली नं त्याची!"

"काकू, आतमध्ये?"

"मंग? वरच्यावर केलेली पूजा आतल्या व्हायरसले कशी लागंल?"

नंदनवनात एक सर आहेत. त्यांच्या कॉम्प्युटरवर आधीच तीन अँटीव्हायरस होते आणि तिन्ही एकमेकांनाच पकडत होते. सर बटण दाबून आंघोळीला जात, चहा घेत, पेपर वाचत. तेव्हा कुठे माऊसचा बाण हलायला लागे.

"सर, दोन काढावे लागतील."

"काहून? एक झोपला तर?"

शेवटी धीर करून म्हटलं, "सर, तिघंही जागेच आहेत. म्हणून तर तुम्हालाच आत घेत नाहीत!"

पण आमच्या दुकानात खरे गाजले ते ढोमणेकाका. रिटायर झालेले, घरी एकटे, मुलगा पुण्याला. त्यांचा कॉम्प्युटर इतका जुना, की फुल स्कॅन लावलं आणि अख्खी दुपार गेली.

"नुसता बसून काय करतं? कॅरम खेळतं काय?" काका म्हणाले. "स्कॅन संपलं की डाव संपला."

त्या दिवशी काका हरले. पुढच्याच आठवड्यात फोन, "व्हायरस आला गा!"

वर्षभराची सर्व्हिस फुकट, त्यामुळे जावंच लागे. व्हायरस कधीच सापडला नाही. एकदा वैतागून आमचे मालक स्वतः गेले आणि क्विक स्कॅन करून परतले. ते दुकानात पोचण्याआधी काकांचा फोन!

"मालकाले नको पाठवू. कॉम्प्युटरवर हात चांगला आहे त्यायचा, पण स्ट्रायकर धरता येत नाही!"

दिवाळीत मुलगा नवा लॅपटॉप घेऊन आला. मला बोलावणं आलं. काकांनी बोर्ड आधीच मांडून ठेवला होता. मी स्कॅन लावलं, काकांनी पहिला स्ट्रायकर मारला, सोंगट्या पांगल्या आणि स्कॅन संपलं!

काका लॅपटॉपकडे बघतच राहिले. "झालं? यानं पाहिलं तरी काय? दारातूनच वापस गेलं!"

"बाबा, आता जुना भंगारात देऊन टाकू," मुलगा म्हणाला. भंगारवाला फाटकाशी उभाच होता. मुलाने वायरींना हात घातला.

"थांब!" काका उठले. "व्हायरसवाली वस्तू दुसऱ्याच्या घरी पाठवतं काय? आधी स्कॅन करू दे त्याले."

"किती वेळ लागंल?" मुलाने मला विचारलं.

काका माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "जुना आहे."

दिवाळी होऊन गेली, मुलगा पुण्याला परतला. भंगारवाल्याची हाक आली की क्वीनवरची नजर न हटवता काका आतूनच ओरडतात, "स्कॅन सुरू आहे गा!"