खेळाडू वारला असेल तर?

घरून काम सुरू झालं आणि किस्से साचायला लागले. पूर्वी कॉफी मशीनपाशी सांगून टाकलं की मोकळं व्हायचो. आता लॅपटॉप मिटला तरी ते घरातच राहतात. त्यातून आमचे किस्से चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत. आम्ही इथे नेदरलँड्समध्ये ऑनलाइन कॅसिनोचं सॉफ्टवेअर करतो. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी मंडळींत मी नुसतं ‘टेस्टिंग’ म्हणते.

ऐकायला अनिल होता, माझा नवरा. हिवाळ्यातल्या लॉकडाऊनमध्ये तो गेला. हार्ट अटॅक. त्याचा फोन मी चालू ठेवला, कारण बँकेचे कोड त्याच नंबरवर यायचे. आणि त्याच फोनवर एका दुसऱ्याच कॅसिनोचे मेसेज यायचे: ‘अनिल, तुझी आठवण येतेय! हे घे फ्री स्पिन्स!’ वेळ जात नाही म्हणून त्यानं तिथं खातं उघडलं होतं. ते मला बंद करून हवं होतं. बाकी काही नको होतं.

*

आमच्या एका गेममध्ये एक युरो लावला आणि वीस सेंट परत आले की घंटा वाजायच्या, नाण्यांचा पाऊस पडायचा, ‘अभिनंदन!’ झळकायचं. मी बग नोंदवला: ऐंशी सेंट गेले, अभिनंदन कसलं?

प्रशांत आमचा प्रॉडक्ट मॅनेजर, पुण्याचा. तो म्हणाला, “वसुधाताई, हा बग नाही, हा तर आपला सण आहे!”

*

“शंभरातले शहाण्णव परत देतात म्हणे,” अनिल एकदा चहा पिताना म्हणाला. “कॅसिनोवाले बरे की तुझे!”

मी समजावलं, “अरे, दर वेळी लावतोस त्याचे शहाण्णव टक्के, तेही सरासरीनं. ते शहाण्णव तू पुन्हा लावतोस, त्याचे पुन्हा शहाण्णव टक्के. उठला नाहीस तर शेवटी सगळे त्यांचेच. एखादा मोठा जिंकतो, तो बाकीच्यांच्या पैशांवर.”

“म्हणजे सावकाश हरायचं. मग रिटायरमेंटपर्यंत आपण वेगळं काय करणार आहोत?”

मी हसले होते. आता तो विनोद कोणी केला तर मी उठून जाईन.

*

एका शुक्रवारी कुणाला तरी जॅकपॉट लागला. कॉलवर सगळ्यांचे चेहरे उतरले. आमचा डच बॉस मात्र शांत. “त्यानं पैसे काढलेत का? नाही ना? मग ते आपल्याकडेच आहेत. वीकेंड जाऊ दे.”

काढणार कसे? भरायला एक टॅप पुरतो. काढायला पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि दोन-तीन दिवसांची वाट. वाट बघता बघता ‘रद्द करा आणि खेळत राहा’ हे भलंमोठं बटण समोर असतंच. ते नीट चालतं की नाही हे मीच तपासलं होतं. उत्तम चालतं!

सोमवारी त्या माणसाचं खातं रिकामं, सगळं पुन्हा खेळून घालवलेलं. त्याच आठवड्यात बॉसनं प्रत्येकाच्या घरी टपालानं स्ट्रूपवाफल, म्हणजे इथली पाक भरलेली बिस्किटं, पाठवली. सोबत कार्ड: ‘छान टीमवर्क!’

मी पाकीट न उघडता कचऱ्यात टाकलं.

*

अनिलनंतर कामावर परत आले, तेव्हा पहिला बग हाच नोंदवला: खेळाडू वारला असेल तर? मेसेज कोण थांबवणार?

प्रशांतनं कॉलवर घाईघाईत वाचलं. “रेअर केस आहे. लो प्रायॉरिटी.”

नागपूरचा मिलिंद आमचा डेटावाला. सहसा म्यूटवर असायचा. त्यानं माइक चालू केला. “रेअर? कोरोनाला दोन वर्षं झाली बे, बातम्या तरी बघतो का?”

मग प्रशांतला आठवलं. “सॉरी, ताई. खरंच सॉरी.”

सॉरी मनापासून होतं. बगची प्रायॉरिटी तीच राहिली.

*

अनिलच्या कॅसिनोला मी चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, ‘खातेदारानं स्वतः विनंती करावी.’ मी मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर आलं, ‘धन्यवाद! सुरक्षेसाठी खातेदाराचा हा कागद हातात धरलेला सेल्फी पाठवा.’

मी तीनदा वाचलं. सेल्फीच म्हटलं होतं.

*

मग एका दुपारी अनिलचा फोन वाजला. त्याच कॅसिनोचा माणूस. अदबशीर इंग्रजी, आवाज तरुण.

“अनिल आहेत का? मी त्यांचा पर्सनल मॅनेजर.”

“ते वारले.”

तो म्हणाला, “फार वाईट वाटलं. आपण त्यांच्या पत्नी का?”

“हो. खातं बंद करा. कागद पाठवलाय. सेल्फी मिळणार नाही.”

“चॅटवर झालं त्याबद्दल माफी मागतो. आत्ताच करतो.” कीबोर्डचा आवाज आला. “झालं, मॅडम. यापुढे त्यांना एकही मेसेज येणार नाही.”

इतके आठवडे कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. मी त्याचे आभार मानले.

“काळजी घ्या,” तो म्हणाला. “घरी आता एकट्याच असता?”

“हो.”

“वेळ जात नसेल.”

“नाही जात.”

“मॅडम, तुम्ही स्वतः कधी खेळून पाहिलंय?”