वाढत्या अंगाची सायकल

रोड बाइकसाठी, म्हणजे शर्यतीच्या सायकलसाठी, नारायणगावच्या दुकानदारानं माझ्या पायाचं माप घेतलं. म्हणाला, “ताई, तुमाला लहान फ्रेमच बसंल.” मला हसू आलं. लहानपणी बोरी गावात आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, फ्रॉकासारखी सायकलही वाढत्या अंगाची घेतली होती. “पोरगी वाढंल, सायकल थोडीच वाढती?” माझे पाय पेडलला पुरत नसत, म्हणून दादा कॅरिअर धरून मागं पळायचे.

एका सकाळी थंडीनं माझी बोटं हँडलवर वळेनात. दादा घरात गेले आणि त्यांनी लोकरीचे मोजे आणून माझ्या हातांत चढवले. मोजे चांगले ऊबदार होते. मला वाटलं, चुलीपाशी ठेवले असतील.

आज दुकानदारानं थंडीचे हातमोजे दिले, ते गार लागले आणि एकदम उमगलं. चूल कसली, ते दादांच्या पायांतले होते. त्या दिवशी माझ्यामागून नुसत्या चपलांचा फटफट आवाज येत होता.