बुंडाशचा डबा

झेलमीरा ह्रुश्कोवाच्या हातचं अन्न कुणी ताट चाटूनपुसून संपवलंय, असं तिच्या अख्ख्या नोकरीत घडलं नाही. शाळेच्या खानावळीत ती मुख्य स्वयंपाकीण होती. तिथं सगळं सरकारी मापानं: इतक्या पोरांना इतकं मांस, इतका बटाटा, चव गेली उडत. पोरं चार घास खायची आणि ताट खिडकीशी आदळून पळायची. शेपूचं पांढरं कालवण असलं की खिडकीतल्या कुंड्यांमधली फुलंसुद्धा मरायची, कारण अर्धं कालवण तिथंच ओतलं जायचं. गावातल्या निम्म्या माणसांना झेलमीरा आजही त्यावरूनच ओळखते. महापौर झाला तरी तिच्या लेखी तो गाजरं बाजूला काढणारा, आणि पोस्टातली ती टापटिपीची बाई म्हणजे डाळीत पाव बुडवून तसाच टाकणारी.

निवृत्त झाल्यावर तिला वाटलं, सुटले एकदाची. पण सुटते कुठली! वर्षभरात बुंडाशचं स्वादुपिंड बिघडलं.

बुंडाश म्हणजे त्यांचा कुत्रा. केसाळ, अंगापिंडानं थोराड, डोक्यानं बेताचा. दर बुधवारी तो झेलमीराच्या नवऱ्याबरोबर, वेंडेलीनबरोबर, निवृत्त मंडळींच्या टोळीत डोंगरावर जायचा. बुधवार उजाडला की दारातल्या बुटांवर हनुवटी टेकून बसायचा आणि वेंडेलीन उठेपर्यंत तिथून हलायचा नाही. झेलमीराचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती घरीच. आणि डॉक्टर कुबिकोवा, ती जनावरांची तरुण डॉक्टरीण, तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "झेलमीराबाई, याच्या पोटात चरबीचा कण जाता कामा नये. आणखी एक मोठा झटका आला तर मी काही करू शकणार नाही."

आता इथल्या, लिप्टोव भागातल्या डोंगरावर चरबी टाळायची म्हणजे नदीत उतरून कोरडं राहायचं. वर पोचलं की शेकोटी पेटते, काठीला स्लानिना टोचली जाते, म्हणजे धूर दिलेली डुकराची चरबी, आणि ती विस्तवावर धरून तिची टपटपणारी वितळलेली चरबी पावावर झेलतात. खाऊन झालं की उरते जाड साल. ती कुत्र्याची. हा इथला धर्मच आहे म्हणा ना. साल फेकून देणारा माणूस लोकांच्या नजरेतून उतरतो, आणि समोर कुत्रा असून त्याला न देणारा तर माणसातूनच उठतो.

झेलमीरानं सगळ्यांना बजावलं. टोळीचा म्होरक्या गेझा, जो घरातसुद्धा डोंगरी टोपी घालून वावरतो, त्याला तर तिनं चारदा सांगितलं. तो दर वेळी मान डोलवायचा. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी तिनं बुंडाशच्या पाठीवरच्या पट्ट्यावर लाल दोऱ्यानं ठसठशीत भरून दिलं: 'मला काही खायला देऊ नका.'

पुढच्या बुधवारी गेझा म्हणाला, "वहिनी, फार छान भरलंय. पण त्याला बिचाऱ्याला वाचता येत नाही ना, तो मागतोच!"

झेलमीरानं कपाळावर हात मारून घेतला.

मग तिनं ठरवलं, कुत्र्याचं पोट आधीच भरलेलं असलं तर तो मागणार नाही. दुकानातले कुत्र्याच्या खाण्याचे डबे जड. वेंडेलीनची पाठ दुखते, आणि दुखली की आठवडाभर घरात कण्हणं ऐकावं लागतं. म्हणून हलका डबा हवा. तिनं टर्कीच्या छातीचं मांस उकडलं, गार करून वरचा चरबीचा थर उचलून टाकला, मऊ भात आणि गाजर घालून सगळं यंत्रातून बारीक केलं आणि अळंबी वाळवायच्या यंत्रात जाळ्यांवर पातळ पसरलं. हे यंत्र इथं घरोघरी असतं. शरद ऋतूत ते बंद पडलं तर लोक शेजाऱ्याशी भांडण मिटवायला तयार होतात. कुरकुरीत वाळलं की चुरायचं, कापडी पिशवीत भरायचं. वर गेल्यावर गरम पाणी ओतलं, झाकून ठेवलं की फुगून छान मऊ खिमट होतं. जाळ्या कितीही घासल्या तरी अळंबीचा वास जायचा नाही, तो सगळा त्या चुऱ्यात उतरायचा. बुंडाशनं पहिल्यांदा ते खाल्लं तेव्हा भांडं ढकलत ढकलत स्वयंपाकघराबाहेर नेलं. झेलमीरा बघतच राहिली. मग तिनं दर मंगळवारी मोठा घाणा काढायला सुरुवात केली. कुत्रा थोराड, चढण दमवणारी, उपाशी राहायला नको, म्हणून चांगल्या चार पिशव्या.

पिशव्या रिकाम्या परत यायच्या. आणि बुंडाश आजारी परत यायचा.

गुरुवारी तो पाठीची कमान करून कोपऱ्यात उभा राही, ओकारी काढी, पाणीसुद्धा नको म्हणे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा डॉक्टरणीनं त्याला सुई टोचून सलाईन लावलं आणि झेलमीराला विचारलं, "तुम्ही याला देता तरी काय?"

झेलमीरानं पिशवीच पुढं ठेवली. डॉक्टरणीनं हुंगली, चिमटीत धरून पाहिली. "दिसतंय बरं. पण घरी वाळवलेल्याचा काय भरवसा? मधे ओल राहिली असेल, खराब झालं असेल. हे बंद करा. विकतचं आणा. आणि डोंगरही बंद."

"माझं अन्न खराब?" झेलमीरा म्हणाली. "बाई, शाळेत इतकी पोरं जेवली माझ्या हातचं, एकाचं पोट बिघडलं नाही!"

"खाल्लं असतं तर बिघडलं असतं की नाही ते कळलं असतं," वेंडेलीन हळूच म्हणाला, आणि बायकोची नजर पाहून कुत्र्याच्या कानामागं खाजवू लागला.

बुंडाशला डोंगर बंद म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. बुधवारी तो बुटांशी बसणार, वेंडेलीन त्याला ओलांडून जाणार आणि हा दिवसभर दाराकडं बघत राहणार. असा किती जगेल? आणि डोंगर चालू ठेवावा तर दुखण्यानं मरेल. आणि हे सगळं म्हणे तिच्या स्वयंपाकामुळं! घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "खरं सांग. वर कोण काय देतं त्याला?"

"कोण देणार? पट्ट्यावर लिहिलंयस ना."

"पिशव्या तोच खातो?"

"रिकाम्या येतात की नाही?" वेंडेलीन म्हणाला आणि जळाऊ लाकडं आणायला गेला. लाकडांची पेटी भरलेलीच होती.

पुढच्या बुधवारी तिनं शेवटचं म्हणून डबा दिला, कुत्र्याला पाठवलं, आणि ते दिसेनासे झाल्यावर शाल घेऊन रस्त्यावर उभी राहिली. लाकडं आणायला वर जाणारा रिकामा ट्रक आला. तिनं हात आडवा केला. चालवणारा मिलोस्लाव, कुंड्यांत कालवण ओतणाऱ्यांचा पुढारी.

"काकू, ट्रकमध्ये माणसं घ्यायची परवानगी नाही."

"फुलं मारायची होती का परवानगी? दार उघड."

त्यानं मुकाट्यानं दार उघडलं. वाटभर ट्रकनं तिचे गुडघे खिळखिळे केले आणि ती मिलोस्लावला, रस्त्याला, वनखात्याला आणि गेझाच्या टोपीला शिव्या देत राहिली. माळाच्या खाली त्यानं तिला उतरवलं. उरलेली चढण तिनं एका फांदीच्या आधारानं, दर वळणावर थांबत केली.

धुराचा वास आला, मग हसणं. ती झाडांतून पुढं झाली आणि जे दिसलं त्यानं जागच्या जागी खिळली.

शेकोटीभोवती सगळी टोळी बसलेली. मधे मोठं पातेलं. प्रत्येकाच्या हातात चमचा. गेझा पातेल्याची कड खरवडत होता. निवृत्त शिक्षिका फिलोमेना वाटी पुढं करून उभी होती. आणि वेंडेलीन, तिचा वेंडेलीन, खिशातून मिठाची पुडी काढून आपल्या वाटीवर शिंपडत होता. वाटीत तपकिरी, मऊ, अळंबीच्या वासाचं खिमट. बुंडाशनं त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली होती, आणि वेंडेलीनच्या दुसऱ्या हातात होती स्लानिनाची जाड, चकाकती साल. ती खाली खाली येत होती.

"टाक ती!" झेलमीरा ओरडली. "विस्तवात टाक! आधी टाक, मग बोल!"

साल विस्तवात पडली आणि भडकली. बुंडाश आनंदानं धावत येऊन तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवर आदळला.

"वहिनी! वा वा, या!" गेझाला अजून काही उमगलं नव्हतं. "तुमचंच खातोय. काय हात आहे तुमचा! दर बुधवारी वाट बघतो आम्ही. पुढच्या खेपेला एक पिशवी जास्त द्याल का?"

"ते कुत्र्याचं आहे," झेलमीरा म्हणाली.

फिलोमेनानं वाटीकडं पाहिलं. "आजचं?"

"प्रत्येक बुधवारचं."

"वेंडो, तू तर म्हणालास, बायकोनं मंडळींसाठी पाठवलंय!"

वेंडेलीन बुटांकडं बघत होता. गेझानं चमचा खाली ठेवला, विचार केला, परत उचलला. "तरीच म्हटलं, यंदा अंगावरचे केस दाट कसे झाले," तो म्हणाला आणि पातेल्यातला शेवटचा घास खाल्ला.

सगळे हसले. झेलमीराला हसू आलं नाही. तिला इतका संताप आला होता की ते पातेलं लाथाडावंसं वाटलं. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या संतापाच्या खाली कुठंतरी तिला बरंही वाटत होतं. "जास्त द्याल का?" हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. बरं वाटलं म्हणून तिला स्वतःचाच आणखी राग आला. तिनं बुंडाशचा पट्टा धरला आणि उतरायला लागली. वेंडेलीन पिशवी उचलून मागोमाग आला.

पुढं ती फांदी टेकत, मागं तो, पायांखाली पाचोळा वाजत होता.

"मरता मरता वाचलाय तो," ती म्हणाली. "सलाईन लावताना तू शेजारी उभा होतास. माझ्या अन्नाला नावं ठेवली डॉक्टरणीनं, तेव्हाही तोंड उघडलं नाहीस. उलट विनोद केलास!"

"एवढ्याशा सालीनं काय होतंय, असं वाटलं."

"आणि त्याचं जेवण? तोंडचा घास काढून घेतलास मुक्या जनावराच्या! घरी काय उपाशी ठेवते मी तुला?"

"नाही," वेंडेलीन म्हणाला. "आधी नुसती चव बघितली गं. मग गेझानं मागितलं. मग सवयच झाली. चुकलं माझं, फार चुकलं. याला काही झालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?"

"पण का?"

त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तू शाळेतून जे उरायचं ते आणायचीस. तेच गरम करून खायचो आपण. तक्रार नव्हती माझी, दमून यायचीस तू. नंतरही तेच बनवत राहिलीस, शाळेचंच. याचा पहिला डबा केलास तेव्हा मी पाठ धरून खाटेवर पडलो होतो, बघितलं, तू मांस गार करून चरबी काढतेयस, गाजर बारीक करतेयस, चाखून बघतेयस. म्हटलं, आपल्या घरात कुणासाठी तरी असा स्वयंपाक होतोय. कसा लागतो बघू तरी."

झेलमीरानं बुंडाशचा पट्टा दुसऱ्या हातात घेतला. "चल, गुडघे दुखतायत," ती म्हणाली, आणि त्यानं दंड पुढं केल्यावर तो धरला. त्या गुरुवारी बुंडाशनं सकाळीच भांडं वाजवून खायला मागितलं.

मंगळवारी तिनं दोन पातेली चढवली. बुंडाशचं आधी: मांस, भात, गाजर, हात आपोआप चालत होते, वजनकाट्याकडं बघायचीसुद्धा गरज नव्हती. मग दुसऱ्या पातेल्यात तिनं कांदा परतला, मरव्याची वासाची पानं टाकली, वाळकी अळंबी भिजवून घातली, आणि मिठाचा डबा उघडून चमचा हातात घेतला. हात तिथंच थांबला. दोनशे पोरांना मीठ किती, ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. कुत्र्याला अजिबात नाही, हेही पाठ होतं. तिनं आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं. मग तिचा राग अनावर झाला, कुणावर ते तिलाही सांगता आलं नसतं.

"अरे ए!" ती अंगणाकडं तोंड करून ओरडली. "बहिरा झालास का? तुला मीठ किती लागतं?"

वेंडेलीन दारात आला. टोपी काढून हातात घेतली.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "कधी कुणी विचारलंच नाही. तू घाल थोडं, मी चाखून सांगतो."

"म्हणजे आता मी इथं चमचा घेऊन उभीच राहू?" झेलमीरा म्हणाली, आणि उभी राहिली.