गुणाबाईच्या भिंतीवरचा नंबर

परदेशातल्या कुठल्याशा बँकेला टेमघरच्या कडेच्या पाड्यावरच्या तहानेची काळजी लागली, तेव्हाच मी म्हटलं होतं, आता या लोकांचं काही खरं नाही.

त्या पाड्यावर गुणाबाई राहते. वारली, वय साठीच्या आसपास, गोदामांत झाडू मारते. पाणी टँकरचं, तेही दोन दिवसांआड आणि भांडून मिळणारं. तिला दारात एक नळ हवा होता, बस. बँकेने नळासाठी महापालिकेला पैसे दिले. पैशांमागून सल्लागार आले, सल्लागारांमागून त्यांच्या एसी गाड्या. वर्षभर गार पाण्याच्या बाटल्या फोडून तहानेवर भाषणं झोडली गेली. शेवटी महापालिकेचा आल्हाद पाड्यावर आला आणि घराघराच्या भिंतीवर लाल रंगात नंबर टाकून गेला. नंबर असेल त्यालाच नळ, हे सांगायचं मात्र त्या शहाण्याला सुचलं नाही.

महिनाभरात गुणाबाईच्या लेकाचं, धाकल्याचं, लग्न निघालं. वारल्यांच्या घरी लग्न म्हणजे आधी भिंत शेणाने सारवायची, गेरू लावायचा आणि सवाशिणींनी त्यावर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं देवाचं चित्र, लिहायचा. गुणाबाईने भिंत छान सारवून घेतली. नंबर शेणाखाली गेला.

पुढे पडताळणीला बँकेचे परदेशी पाहुणे आले. त्यांनी चौकाचे ढीगभर फोटो काढले, 'ब्यूटिफुल, ब्यूटिफुल' केलं आणि नंबर दिसत नाही म्हणून घर यादीतून उडवलं. असल्या शिक्षणाला काय चाटायचंय?

गुणाबाई ऑफिसात गेली.

"सायेब, घर तं तिथंच हाय. पळून न्हाय गेलं."

"मावशी, सिस्टीममधून गेलंय. पुढच्या टप्प्यात बघू," आल्हाद मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला.

पाइप तिच्याच अंगणातून गेला. आजूबाजूच्या सगळ्या घरांना नळ आले, तिला नाही. उद्घाटनाला मंडप पडला, हारतुरे झाले. ऊन मी म्हणत होतं आणि थंड बाटल्या फक्त मोठ्या साहेबांपुरत्या होत्या. आल्हाद घाम पुसत नेमका गुणाबाईच्या दारात आला.

"मावशी, जरा पाणी द्या ना."

दारात आलेल्याला तिने जन्मात कधी पाणी नाकारलं नव्हतं. भरलेला हंडा तिच्या मागेच होता, त्याला दिसतही होता.

"तुमच्या कागदावं हितं घरच न्हाय, सायेब," ती म्हणाली. "मंग पानी कोन देल?"

आणि तिने दार लावून घेतलं.