टिचकी बाईंची म्हस

आमच्या कॉम्प्युटरच्या बाईंनी वर्गात कधी ‘क्लिक’ हा शब्द उच्चारला नाही. त्या ‘टिचकी’ म्हणायच्या. डावी टिचकी, उजवी टिचकी, लागोपाठ दोन टिचक्या. परीक्षेच्या पेपरातसुद्धा तसंच. एकदा बाहेरून तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, “हे काय हो, बाई?” तर बाईंनी त्यांच्यासमोरच्या टेबलावर टक्कन बोट आपटलं आणि म्हणाल्या, “ही टिचकी. दारात जाऊन वाजवल्याबिगर आत कोण हाय कसं कळणार, साहेब?” त्या दिवसापासून अख्ख्या शाळेत त्या टिचकी बाई. त्यांना हे नाव माहीत होतं आणि आवडायचंही, हे मला फार नंतर कळलं.

शाळा मुलींची, लॅबमध्ये अकरा मशीन आणि त्यातली आठ चालू. मधल्या सुट्टीत बाकीच्या बाई स्टाफरूममध्ये डबा खायच्या, टिचकी बाई लॅबमध्ये. डाव्या हातात चपातीची गुंडाळी, उजव्या हातात माऊस आणि स्क्रीनवर म्हस. थांबा, नीट सांगते, मी कायम पुढं पळते. बाई एक चित्रकथा करत होत्या. छापायची नाही, इंटरनेटवर टाकायची. नाव ‘म्हस गेली कुठं’. दूधकट्ट्यावरून, म्हणजे जिथं म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर दूध काढून देतात तिथून, चंद्री नावाची म्हस दावं तोडून जाते आणि बारकी नावाची पोरगी तिला गल्लोगल्ली शोधते. पण ही नुसती पानं उलटून वाचायची गोष्ट नव्हती. चित्रातल्या दारावर टिचकी मारली की दार उघडायचं, आतला माणूस फुग्यातून बोलायचा, कुणी खोटा पत्ता द्यायचा, कुणी बारकीच्या बापाचा उद्धार करायचा. म्हशीच्या पाठीवर टिचकी मारली तर शेपटीचा फटका. असे बारा भाग. सगळं फ्लॅशमध्ये केलेलं, म्हणजे तेव्हा इंटरनेटवरचे खेळ आणि हलती चित्रं ज्याच्यावर चालायची त्यात. हे बाईंना कुणी शिकवलं नव्हतं, त्या स्वतः चुकत चुकत शिकल्या. म्हशीचा आवाज शिपाईमामांचा.

ती वाचायची कशी, याबद्दल बाई फार कडक होत्या. मी सहावीत असताना नेमकी दारं पाठ करून चार मिनिटांत शेवट गाठला आणि वर्गभर मिरवत सांगितलं. बाईंनी मला उभं केलं.

“सापडली म्हस?”

“व्हय, बाई.”

“आणि गल्ली सापडली का?”

बाईंनी माझ्यापुढं माऊस सरकवला. “एवढी दारं काय मी माझ्या हौसंला काढली व्हय? बस परत. पहिल्यापास्नं.” सरळ गेलीस तर म्हस मिळंल, माणसं न्हाईत मिळायची, असं त्या म्हणायच्या. मी परत पहिल्यापासून बसले, आणि तिसऱ्या भागातल्या म्हातारीचं दार तीनदा वाजवलं तर ती उठून ताकाला बोलावते हे तेव्हा मला कळलं.

आता मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, थांबा, आमच्या बाईंनी काय करून ठेवलंय ते दाखवते. तर साईटच नाही. कुठं तरी साठवलेली एक प्रत सापडली, ती उघडली तर राखाडी चौकोन. फ्लॅश बंद झालेलं मला माहीत होतं, आमच्या कामात ते माहीत असावंच लागतं, पण बंद झालं म्हणजे बाईंची म्हसही गेली हे डोक्यात आलंच नव्हतं. मैत्रिणी म्हणाल्या, असू दे गं. मी मात्र त्या रविवारी थेट मंगळवार पेठेत बाईंच्या घरी.

बाई रिटायर झाल्या होत्या, एकट्याच राहत होत्या. दार उघडून माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, मान जरा वाकडी करून. मला वाटलं ओळखलं नाही. मग म्हणाल्या, “चार मिनिटवाली का तू?” साखरेनं डोळे गेले होते त्यांचे. उजव्यानं दिसत नव्हतं आणि डाव्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तोवर आहे. मी म्हटलं, बाई, चित्रकथा परत चालू करायची. त्या म्हणाल्या, “मेलेली म्हस दूध देती व्हय गं?” पण उठल्या आणि कपाटातून ब्लाऊजपीसात गुंडाळलेल्या सीड्या काढल्या. जो माणूस विसरलेला असतो तो ब्लाऊजपीसात गुंडाळून ठेवत नाही, हे मला तेव्हाच समजलं.

सीडी वाचायला यंत्र शोधण्यात आठवडा गेला, शेवटी एका फोटो स्टुडिओवाल्यानं दिलं. मी पहिला भाग कसाबसा माझ्या जुन्या मशीनवर चालवून त्याचा व्हिडिओ करून नेला, बाईंना मोबाईलवर दाखवला. म्हशीचा आवाज ऐकून त्या हसल्या, मग स्क्रीनवर बोट आपटायला लागल्या. टक. टक. दार काही उघडेना, व्हिडिओच तो.

“हा पिक्चर झाला, पोरी. ह्यात मी दार कुठं वाजवू?”

बरोबर होतं त्यांचं. मग मी एक इम्युलेटर घेतला, म्हणजे आजच्या ब्राऊझरला जुन्या फ्लॅशची भाषा समजावून सांगणारा दुभाषी. फाईल त्यात टाकली. बारकी चालायला लागली, दारं उघडायला लागली, मी ऑफिसात खुर्चीवरून उठून नाचले. आणि पहिला फुगा आला. त्यात मराठी नाहीच. डॉलरचं चिन्ह, कॅपिटल एफ, कंस, उद्गारचिन्ह, पुन्हा डॉलर. सगळेच फुगे तसे.

बाईंना सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. तेव्हा नेट इतकं हळू की फाईल हलकी ठेवायला त्यांनी मराठीचा फॉन्ट आत घातलाच नव्हता. तसल्या जुन्या फॉन्टात इंग्रजी कळांवरच मराठी अक्षरं बसवलेली असायची, फॉन्ट नसला की मागची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. “कशाला घालू? लॅबच्या सगळ्या मशीनवर हुताच की.” बाहेरच्या जगात तो नसेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, कारण ती गोष्ट त्यांनी आमच्यासाठी केली होती. आता लॅबची मशीन भंगारात गेली होती. फॉन्ट देणाऱ्या डीटीपीवाल्याच्या दुकानात मोबाईलची कव्हरं मिळत होती. मी आपोआप बदलायचा प्रोग्राम लिहिला, पण निम्मे शब्द मोडके आले, कारण जिथं अक्षर जमलं नाही तिथं बाईंनी दोन वेगळे तुकडे जोडून वेळ मारून नेलेली. मी हताश होऊन लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. त्या नाक लावून बघत होत्या आणि एकदम, पेपर वाचावा तसं, मोठ्यानं वाचायला लागल्या.

“‘काय गं बारके, सकाळधरनं गल्लीचा रस्ता झिजवायलीस.’ लिही की. माझ्या तोंडाकडं काय बघतीस?”

मी म्हटलं, “बाई, हे डॉलर आहेत.”

“ती वेलांटी हाय. आन् तो कंस न्हवं, अर्धा म हाय तो. सात वर्षं बडवलाय ह्यो कीबोर्ड.”

जगात एकच माणूस हे वाचू शकत होतं आणि ते उठून माझ्यासमोर चहा गाळायला लागलं होतं.

दोन भाग असे झाले. तिसऱ्याला त्या डोळा चोळायला लागल्या, पाणी यायला लागलं, आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. “आता मी बघणार न्हाय. ह्यो एक डोळा मला म्हशीसाठी ठिवायचाय. समदी चालू झाल्यावर एकदा बघायची हाय मला. ह्या कचऱ्यात डोळा घालवला तर मग काय बघू?” मी म्हटलं, मग फुगे कोण वाचणार? त्यांनी स्टीलचं ताट उलटं करून मांडीवर घेतलं, त्यावर दहा बोटं ठेवली आणि डोळे मिटले. “तू अक्षरं सांग.”

मी सांगायचे, कॅपिटल जे, साधा के, स्वल्पविराम, डॉलर. त्यांची बोटं ताटावर चालायची, टक टक टक, आणि तोंडातून शब्द बाहेर पडायचा. शब्द त्यांना आठवत नव्हते, बोटांना आठवत होते. मी घाई केली की ओरडायच्या, “कॅपिटल का साधं, ते सांग आदी. म्हशीची मावशी हुईल.” शिफ्ट संपवून कागलहून बस पकडायची, सातला त्यांच्याकडं, नऊला घरी, असे चार महिने. दर महिन्याला त्यांचं डोळ्यात इंजेक्शन. मी दर वेळी भीत भीत दार वाजवायचे, की आज म्हणतील, दिसायचं बंद झालं.

नवव्या भागाला एक गंमत झाली. मी अक्षरं सांगायच्या आधी माझ्या तोंडून शब्दच गेला. मग पुढचा. मग आख्खा फुगा. बाईंची बोटं ताटावर थांबली. मी वर बघितलं तर त्या भिंतीला टेकून नुसत्या ऐकत होत्या. “थांबलीस का? पुढं काय म्हणतोय दूधवाला?” स्वतः लिहिलेलं त्या विसरल्या होत्या. बारा भाग संपेपर्यंत मी वाचत गेले आणि त्या ऐकत गेल्या, आणि चंद्री शेवटी आपली आपणच घरी येऊन गोठ्यात रवंथ करत बसलेली निघते तेव्हा बाई हसून म्हणाल्या, “बरं लिवलंय की गं.”

शाळेच्या नव्या लॅबमध्ये आम्ही ती चित्रकथा चालू केली. मुख्याध्यापिका भाषण करणार होत्या, बाईंनी हात वर करून सांगितलं, “ते नंतर, मॅडम. डोळा हाय तवर बघू द्या.” स्क्रीनपासून वीतभर अंतरावर, डावा डोळा पुढं येईल अशी मान उजवीकडं वळवून त्या बसल्या आणि स्वतः माऊस धरला. एकही दार सोडलं नाही. सहावीच्या मुली मागं उभ्या राहून खिदळत होत्या, एक जण म्हणाली, “आज्जी, म्हस त्या बोळात हाय, मला दिसली.” बाई म्हणाल्या, “असू दे, ती काय पळत न्हाय. ह्या मावशीला आदी भेटू.” शाळा सुटायची घंटा झाली तरी कुणी हललं नाही. मला वाटत होतं सगळ्यांना ओरडून सांगावं की ह्या आमच्या बाई आहेत. सांगितलंच बहुतेक, मला आठवत नाही.

दिवाळीनंतर डावा डोळाही गेला. नेसरीहून त्यांचे भाऊ, अण्णा, न्यायला आले. सामान फारसं नव्हतंच. मी रडायला लागले तर गाडीत बसताना म्हणाल्या, “बघायचं ते बघून झालंय माझं. गप.”

गेल्या महिन्यात मला अनोळखी फोन आला. “पावणं, ते जुनं मराठी वाचणारं तुम्हीच का?” माझा आवाज ऐकून लगेच “ताई” झालं. कुरुंदवाडचा मुलगा, शाळेतून माझा नंबर मिळवलेला. त्याच्या वडिलांच्या मंडळानं पूर्वी गणपतीत बसवलेलं नाटक जुन्या कॉम्प्युटरमध्ये सापडलं होतं, पण उघडलं की नुसते डॉलर आणि कंस. यंदा पोरांना तेच बसवायचं होतं. त्यानं पहिल्या पानाचा फोटो पाठवला. मी बघितला, आणि फोनवरच पहिला संवाद म्हणून दाखवला. पलीकडं तो कुणाला तरी हाका मारायला लागला, “अरं आबा, हिकडं ये, बाईमाणूस वाचायलंय.”

मी तसाच नेसरीला फोन लावला. अण्णांनी बाईंच्या कानाला धरला. मी एका दमात सगळं सांगितलं, कुरुंदवाड, नाटक, चाळीस पानं, तोच फॉन्ट, आणि विचारलं, बाई, रविवारी येऊ का फाईल घेऊन, तुम्ही ताट घेऊन बसा, मी अक्षरं सांगते.

बाईंनी अण्णांच्या हातातून फोन स्वतःकडं घेतला. मग म्हणाल्या, “मला कशाला इचारतीस? तू वाच की.”