लाल शेला

माझी आत्या सिनेमातल्या वस्तू गोळा करायची. ती बाबांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडे जबलपूरला, मदन महलजवळच्या घरात राहायची आणि शेजारपाजारच्यांचं शिवणकाम करायची.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी जवळच्या भेडाघाटला, नदीवरच्या संगमरवरी कड्यांपाशी, एक सिनेमा कंपनी आली होती. एका मुखवटेवाल्या बाईची गोष्ट होती. दिवसा ती साधी धोबीण, आणि कुणावर जुलूम झाला की मुखवटा चढवून, पाठीवर लाल शेला सोडून कड्यांवरून उडत यायची. कंपनीचा शिंपी तापानं पडला, म्हणून कुणीतरी आत्याचं नाव सुचवलं. आठवडाभर ती नदीकाठी बसून त्या बाईचे कपडे शिवत होती. जाताना कंपनीवाल्यांनी तिला तो शेला देऊन टाकला. संगमरवराच्या धारेला लागून तो फाटला होता आणि आत्यानं कितीही बारीक रफू केलं तरी कॅमेऱ्यात दिसायचं, म्हणे. लाल साटीनचा, टाचेपर्यंत लांब, आणि पाठीवर जरीनं भरलेला पंख पसरलेला पक्षी.

तिथून तिला नादच लागला. कंपनीतल्या ओळखीनं तिनं खरा मुखवटा मागवून घेतला. टॉकीजच्या दरवानाच्या बायकोचे पोलकी शिवून दिली आणि बदल्यात त्या बाईचं चित्र रंगवलेली जाहिरातीची पाटी आणली. तिच्या कमरेचा पत्र्याचा पट्टा आणला. हे सगळं खाटेखालच्या ट्रंकेत असायचं. दुपारी कामं आटोपली की ती एकेक वस्तू काढून पुसायची. लाल रंग तिला अंगावर घालायची मुभा नव्हती, पण शेला मांडीवर घेऊन बसायला कोण अडवणार?

बाबा चिडायचे. "विधवा बाईमाणसानं हे काय तमाशाचं सामान जमवून ठेवलं? लोक काय म्हणून राहिले, माहीत आहे का तुला?"

आई मात्र तिची बाजू घ्यायची. "असू द्या हो. दुसरं काय आहे तिच्याजवळ?"

मग लढाई आली. बाबांची तोफगाड्यांची फॅक्टरी दिवसरात्र चालू झाली. बाबा पाळीवर पाळी करून यायचे आणि जेवता जेवता ताटावरच पेंगायचे. बाजारातून कापड नाहीसंच झालं. रेशनच्या कार्डावर मिळेल असं सांगायचे, पण दुकानासमोर तासन्‌तास उभं राहून बाया रिकाम्या हातानं परत यायच्या. आईची दोनच लुगडी उरली होती, तीही ठिगळांची. एक वाळेपर्यंत दुसरं जपून नेसायची.

त्या उन्हाळ्यात आईला मुदतीचा ताप आला. डॉक्टर आले, औषध देऊन गेले. ताप उतरला, पुन्हा चढला. एका सकाळी आत्या तिला पाणी पाजायला गेली आणि भांडं तसंच हातात धरून बाहेर आली. मला म्हणाली, "जा, शेजारच्या काकूंना बोलाव." तिच्या आवाजावरूनच मला कळलं.

बाबांना फॅक्टरीतून आणायला माणूस गेला. काकूंनी आईला न्हाऊमाखू घातलं. कुंकू लावलं. मग विचारलं, "नवं लुगडं कुठं आहे? सवाष्ण गेली आहे. हिरवं नाहीतर लाल, काहीतरी पाहिजे न."

घरात काहीच नव्हतं.

आत्यानं माझा हात धरला आणि आम्ही निघालो. ऊन भाजत होतं. पहिलं दुकान बंद. दुसऱ्या दुकानदारानं हात जोडले. "दीदी, कोटा आया ही नहीं. कफन तक नहीं है." तिसऱ्याला आत्या म्हणाली, "भैया, मेरी भाभी घर में पड़ी है." त्यानं रिकामी कपाटं उघडून दाखवली. आमच्या गल्लीत नागपूरकडच्या एक बाई राहायच्या. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी एक लुगडं जपून ठेवल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यानं त्यांच्यापुढे पदर पसरला. त्या रडायला लागल्या. "पोरगी काय नेसून उभी राहील वं बोहल्यावर? मला नको मागू, मला नको मागू." आम्ही परत फिरलो. आत्या रस्त्यात मधेच थांबायची, इकडेतिकडे बघायची, जणू एखाद्या झाडावरच लुगडं वाळत असेल.

घरी आलो तर बाबा पायरीवर बसले होते. फॅक्टरीच्या कपड्यांतच, हाताला तेलाची काजळी. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "सिहोऱ्याच्या बाजारात मिळेल कदाचित." दुसरा म्हणाला, "जाऊन येईपर्यंत संध्याकाळ होईल. ह्या उन्हात कसं ठेवणार?"

बाबा कपाळ बडवून घ्यायला लागले. "पंधरा वर्षं संसार केला तिनं. ठिगळात पाठवू का तिला? ठिगळात पाठवू?"

आत्या आत गेली. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. ती शेला घेऊन दारात उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "लाल आहे."

मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सिनेमातल्या बाईचं कापड? आणि तेही विधवेच्या हातचं?"

आत्यानं शेला लगेच काकूंच्या हातात दिला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. "मी नाही जवळ येणार वहिनीच्या. काकू घालतील तिच्या अंगावर. माझा हात लागणार नाही."

"निदान ते पाखरू तरी उसवा," म्हातारे म्हणाले. कुणीतरी कात्रीही आणली.

बाबा उठले. त्यांनी कात्री काढून घेतली. "काही उसवायचं नाही. आहे तसंच घाला." मग आत्याकडे वळून म्हणाले, "आणि तू काहून दूर उभी राहिली? तिचं सगळं तूच केलं न आजारपणात. तूच घाल तिच्या अंगावर."

आत्यानं आधी आईचं धुतलेलं जुनं लुगडं सारखं केलं, मग वरून शेला पांघरला. टाचेपर्यंत पुरला. कडा ती पुन्हा पुन्हा सारख्या करत राहिली. शेवटी ती आईच्या पायांवर डोकं ठेवून ओरडली. तसं ओरडताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं, स्वतःचा नवरा गेला तेव्हाचं मला माहीत नाही. लोक आईला ग्वारीघाटाकडे घेऊन गेले. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत लाल दिसत होतं.

त्यानंतर बरेच दिवस आत्या शिवणाच्या मशीनपुढे नुसती बसून असायची. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही तर नाही. बाबा पाळीवरून येऊन तिच्यासमोर ताट ठेवायचे. मी मधे बसायची.

पावसाळ्याच्या सुरुवातीला कार्डावर कापड आलं. आईचं नाव अजून कार्डावर होतंच. बाबा हिरवं लुगडं घेऊन घरी आले आणि ते छातीशी धरून दारातच उभे राहिले. आत येईनात. आत्या उठली, त्यांच्या हातातून लुगडं घेतलं आणि म्हणाली, "पोरीला झगे नाहीत, दादा."

त्या दुपारी तिनं मला समोर उभं करून माप घेतलं.