बांधीच्या चिखलातला एक तास

आमचे हे फौजेतून कायमचे घरी आले त्या दिवशी मी मोरपंखी रंगाची नवी साडी नेसले होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या घोळात त्या साडीचाही हात आहे.

हवालदार दुर्गाप्रसाद कापगते, आमच्या गावातले पहिले फौजी. देवरीहून हायवेच्या बसने फाट्यावर उतरणार, म्हणून धानाची रोवणी अर्ध्यावर टाकून अख्खा गाव जमला होता. माझ्या माहेरची माणसंही आली होती. हे उतरले, गळ्यात हार पडले, बँड सुरू झाला आणि यांचा चुलतभाऊ बिसराम याने हौसेने हजाराची लडी पेटवली. फौजी माणसाचं स्वागत फटाक्यांनी नाही तर कशाने करायचं, असं सगळ्यांनाच वाटलं होतं. मलासुद्धा.

पहिल्या आवाजाला हे रस्त्याकडेच्या बांधीत झेपावले. धानाच्या नव्या रोपांत, घोटाभर चिखलात, गळ्यात हार घातलेला माणूस दोन्ही हातांनी डोकं धरून पालथा पडला होता. लडी संपली तरी उठेनात. कोणीतरी हसलं. मग कोणीच हसेना, ते जास्त वाईट होतं.

मी बांधीत उतरले आणि त्यांच्या शेजारी बसले. चांगला तासभर. एक शब्द बोलले नाही. माणसं एकेक करून निघून गेली. मग हे म्हणाले, "चल." मी म्हटलं, "चला." त्या तासाबद्दल आम्ही पुढे सतरा वर्षं कधी बोललो नाही.

हा माणूस सोबत काय घेऊन आलाय ते घरी आल्यावर कळलं. दाराकडे पाठ करून जेवत नसत. कुकरची शिट्टी झाली की ताट सोडून उठत. मी कुकर माळ्यावर टाकला आणि साध्या गंजात, पातेल्यात, भात शिजवायला लागले. दोन वर्षं फौजी दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी यांना पुस्तकं वाचायला दिली, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हा माणूस मानसशास्त्राच्या परीक्षेला बसला. मी म्हटलं, "मंग धान कोन पाहीन?"

"धान आतापावतर तूच पाह्यलं ना," म्हणाले. खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

परीक्षा झाल्या, नागपूरला शिकणं झालं, मग देवरीत एक खोली घेतली. पाटीवर 'समुपदेशक' लिहिलं. तो शब्द कोणाला कळेना. पहिले सहा महिने लोक नारळ-लिंबू घेऊन यायचे, फौजी काहीतरी झाडतो-फुंकतो असं समजून. हे नारळ परत द्यायचे. लिंबं मात्र ठेवून घ्यायचे, कारण मला लोणच्याला लागतात हे त्यांना ठाऊक होतं.

यांच्याकडे यायची ती वच्छला. मोहफुलं वेचताना तिला अस्वलाने धरलं होतं, आणि तेव्हापासून वर्षभर ती उंबऱ्याबाहेर आली नव्हती; सासूच तिला हाताला धरून आणायची. यायचा तो मनिराम, हायवेवरचा ट्रक ड्रायव्हर. त्याच्या गाडीखाली एक मोटरसायकल आली होती. चूक त्याची नव्हती, तरी स्टिअरिंगला हात लावला की तो गाडीतून परत खाली उतरायचा. हे कोणालाही समोर बसवत नसत. बाजूला बसत, खोलीत नाहीतर आमच्या गावतलावाच्या पाळीवर. आम्ही कोहळी समाजाचे, तलाव बांधणं हे आमचं जुनं काम. आजे-पणज्यांनी माती टाकून उभी केलेली ती पाळ, तिचा असाही उपयोग होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. काही विचारायचं नाही, घाई करायची नाही. वच्छलाची सासू माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती, "फौजी तं काईच बोलत नाई वो, नुसता बसून राह्यते." पाचव्या महिन्यात वच्छला एकटी बाजारात जाऊन आली, तेव्हा तीच सासू टोपलीभर वांगी ठेवून गेली.

सगळा तालुका यांच्याशी बोलायचा. घरी मात्र तोंडाला कुलूप. एकदा मी चिडून विचारलं, "गावभराचं ऐकून राहिले तुमी. तिथं फौजेत काय झालं होतं ते मले काऊन नाई सांगत?"

यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुले सांगाची गरजच नाई पडली," म्हणाले.

ते वाक्य मी आठ वर्षं मनात धरून होते. मला परकी समजतात, दुसरं काय?

मागच्या हिवाळ्यात हे झोपेतच गेले. तेरवीला अंगणात माणसं मावेनात. जेवून उठलेला मनिराम हात धुवायला आला आणि तांब्या तसाच धरून उभा राहिला.

"काकू, फौजीकाका आमाले नेहमी सांगत," तो म्हणाला. "म्हनत, हे मी पुस्तकात नाई शिकलो. मी चिखलात पडलो होतो, तं माही बायको नव्या साडीनिशी बाजूले येऊन बसली. काय झालं म्हनून विचारलं नाई, उठा म्हनलं नाई. तिले काई सांगाची गरजच नाई पडली. तसं बसता आलं पाह्यजे, म्हनत."

मी पदर तोंडाला लावला. बाया म्हणाल्या, रडू द्या तिला.

खरं सांगायचं तर मी त्या दिवशी त्यांच्यासाठी बसलेच नव्हते. माहेरच्या बाया बघत होत्या आणि मला तोंड लपवायचं होतं. रस्त्याकडे पाठ करून बसता येईल अशी ती एवढीच जागा होती. मनातल्या मनात मी या माणसाला शिव्या देत होते, साडीचं वाटोळं झालं म्हणून हळहळत होते आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने माहेरी जायचं ठरवत होते. बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर भांडलेच असते. आणि एवढ्यावर त्या भल्या माणसाने पुढचं सगळं आयुष्य उभं केलं.

आमची सून भूमिका म्हणते, आता तरी कुकर माळ्यावरून काढू या. मी काढू देत नाही. संध्याकाळी त्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, जाऊन बसते, शेजारी त्यांच्यापुरती जागा ठेवून. फार आठवण येते. एकदा त्यांना सांगायचं आहे, अहो, मी लाजेने बसले होते. सतरा वर्षं हाताशी होते ते, कधीही सांगता आलं असतं, पण सांगण्यासारखं काही आहे हेच मला माहीत नव्हतं. ते रागावले नसते. नेहमीसारखे बाजूला येऊन बसले असते आणि म्हणाले असते, "बसली तं होती ना तू."